बूस्ट ग्लायडरला मोटर कोणती घ्यावी? ए८, बी६ की सी६?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी,

लेक अकरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात शिबिरात तिने साधं पॅराशूटवालं रॉकेट उडवलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता आम्ही दोघांनी मिळून बाल्साचा बूस्ट ग्लायडर बांधलाय. वर जाताना रॉकेट, खाली येताना विमान. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ग्लायडरच्या नाकाशी एक छोटी नळी अडकवलेली असते, तिला पॉड म्हणतात. मोटर त्या पॉडमध्ये. मोटर जळून संपली की काही सेकंदांनी तिच्यातलाच एक छोटा बार पुढच्या बाजूला उडतो, त्या धक्क्याने पॉड सुटून स्ट्रीमरला, म्हणजे लांब फितीला, लटकत खाली येतो आणि ग्लायडर आपला आपण तरंगत उतरतो.

मापं अशी: पंख टोकापासून टोकापर्यंत ३८ सेंमी, ग्लायडर २२ ग्रॅम, रिकामा पॉड १० ग्रॅम. पॉडमध्ये १८ मिमी व्यासाची मोटर बसते. इथल्या दुकानात एस्टेस कंपनीच्या ए८-३, बी६-४ आणि सी६-५ मिळतात. लेकीला अर्थातच सी हवी आहे. प्लॅनवर नुसतं 'ए किंवा बी' लिहिलंय, पुढचे आकडे नाहीत. आम्ही ओहायोत राहतो. मैदान शाळेचं आहे, अमेरिकन फुटबॉलची दोन मैदानं शेजारीशेजारी.

काय घ्यावं आणि का घ्यावं, दोन्ही सांगा. 'का' जास्त हवंय, कारण ते मला हिला पटवायचंय.

पंचगंगा

शीर्षक वाचून धावत आलो. म्हटलं विहिरीवरच्या मोटरीचा धागा आहे, पाच एचपी की साडेसात यावर दोन शब्द लिहू. इथे तर मोटरच आकाशात चाललीय! पण विषय आवडला, वाचतोय.

निळाई

मलाही यातलं काही कळत नाही. ए८-३ म्हणजे नक्की काय? वाहिन्यांचे नंबर असल्यासारखं वाटतंय.

अभय_डेन्व्हर

निळाई, सोपं आहे. अक्षर म्हणजे मोटरीतला एकूण जोर, न्यूटन-सेकंदांत. ए म्हणजे २.५ पर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत. प्रत्येक अक्षराला दुप्पट. मधला आकडा सरासरी थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचं बळ, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा डिले, म्हणजे जळण संपल्यापासून पुढचा बार उडेपर्यंतचे सेकंद.

आता वेताळटेकडींचा प्रश्न. सगळे जण अक्षराकडे बघतात. ग्लायडरसाठी मी आधी शेवटचा आकडा बघतो.

पहिली गोष्ट, उचलण्याची काळजी सोडा. ग्लायडर, पॉड आणि ए मोटर मिळून तुमचं वजन ४८ ग्रॅमच्या आसपास. ए८-३ च्या पाकिटावर कमाल ८५ ग्रॅम दिलेलं असतं, बी६-४ वर ११३ आणि सी६-५ वरही ११३. बी आणि सी सारखंच वजन उचलतात हे लेकीला नक्की दाखवा. सुरुवातीचा जोराचा झटका या तिघींचाही पहिल्या दोन-तीन दशांश सेकंदांत येऊन जातो. बी६ सुमारे ०.९ सेकंद जळते, सी६ जवळजवळ १.९ सेकंद. म्हणजे सी जास्त ताकदवान नाही, ती जास्त वेळ ढकलत राहते. आणि बाल्साच्या पंखाला नेमकं तेच सोसत नाही.

हिशोब करा. गुरुत्व आणि हवेचा रोध बाजूला ठेवला तर एकूण जोर भागिले वजन म्हणजे वेग. ए८ चा एकूण जोर साधारण २.३, भागिले ०.०४८ किलो, म्हणजे ४८ मीटर प्रतिसेकंद. बी६ चा ४.३, म्हणजे ८५ च्या पुढे. सी६ चा ८.८, म्हणजे १६० च्या वर. प्रत्यक्षात हवा यातला बराच वेग खाते, पण ती खाते म्हणजे पंखावर दाबच देते ना! वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. पंख आधी फडफडतो, मग मुळाशी तुटतो.

दुसरी गोष्ट डिलेची. बारीक, गुळगुळीत रॉकेट जळण संपल्यावरही चार-पाच सेकंद वर जात राहतं. ग्लायडरला एवढे मोठे पंख, त्याचा वेग झपाट्याने मरतो. सी६-५ लावलीत तर ग्लायडर माथ्यावर पोचेल, वळेल, नाक खाली करून सूर मारेल आणि पॉड अजून नाकावरच असेल. बार उडेल तेव्हा तो पूर्ण वेगात खाली येत असेल. मोकळा झालेला ग्लायडर त्या वेगात एकदम नाक उचलतो आणि पंख जातात. सी६-५ मधल्या ५ ला मी सी पेक्षा जास्त घाबरतो.

तुमच्या दुकानातल्या तिघींपैकी ए८-३ घ्या.

रॉकेटराव

अभय, गणित मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य.

ए वर ग्लायडर फार खाली सुटतो. सुटल्यावर पहिला गोता खाऊन सरळ व्हायला त्याला थोडी उंची लागते. ट्रिम, म्हणजे तरंगण्याचा समतोल, जरा जरी कच्चं असेल तर सावरायच्या आत गवत येतं, आणि पोर म्हणतं 'एवढंच?' आमच्या क्लबात नवीन मुलांना बी वर थोडी जास्त उंची मिळाली की हुरूप टिकतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. फक्त बी६-४ नको. बी६-२ किंवा बी४-२ शोधा. जुन्या ग्लायडर प्लॅनांवर बी४-२ उगाच लिहिलेली नसते.

सी बद्दल मात्र वादच नाही. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमावलीत मैदानाच्या आकाराचा तक्ता आहे. मैदानाची लहान बाजू ए साठी किमान १०० फूट, बी साठी २००, सी साठी ४००. तुमची दोन मैदानं शेजारीशेजारी म्हणजे १६० अधिक १६०, जास्तीत जास्त ३२० फूट. विषय संपला. लेकीला मैदान पावलांनी मोजायला लावा, सांगायची गरज पडणार नाही.

अभय_डेन्व्हर

मैदानाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, झकास.

उंचीबद्दल असं आहे की ट्रिम कच्चं असेल तर मोटर वाढवून ते पक्कं होत नाही. आधी पॉड काढून हातानेच फेकून बघायचं. गवतावर, खांद्याच्या उंचीवरून, जमिनीला समांतर, हलक्या हाताने. नाक आपटत असेल तर नाकाचं वजन कमी करायचं, लाटांसारखा वरखाली होत असेल तर नाकावर चिमूटभर क्ले. थोडं डावीकडे किंवा उजवीकडे वळण ठेवायचं, म्हणजे तो मैदानावरच घिरट्या घेतो. हे जमल्याशिवाय मी कुणाला मोटर लावूच देत नाही.

शेवंती_के

अभय, एक शंका. हातफेकीत छान तरंगणारा आमच्या भाच्याचा ग्लायडर मोटर लावल्यावर पाठीकडे गिरकी घेऊन गोल फिरला आणि जमिनीवर आला. मोटर छोटीच होती. तसं का होतं?

अभय_डेन्व्हर

शेवंतीताई, यासाठी वरच्या दोन-तीन प्रतिसादांपेक्षा जास्त लिहावं लागेल, पण प्रश्न नेमका आहे.

ग्लायडरला संथ तरंगता यावं म्हणून पंख आणि शेपूट यांच्या कोनांत थोडा फरक ठेवतात. तो फरक नाक उचलून धरतो. संथ वेगात हे हवंच. पण मोटरीच्या जोरावर वेग पाच-सहापट झाला की तोच फरक ग्लायडरला पाठीकडे ओढतो. यावर दोन उपाय एकत्र वापरतात. एक, पॉड पंखाच्या वर, छोट्या खांबावर बसवायचा. तिथून लागणारा जोर नाक किंचित खाली दाबतो आणि ती ओढ बरीचशी मारली जाते, शिवाय ज्वाळा पंखाला आणि शेपटीला चाटत नाही. दोन, पॉड शक्य तितका पुढे ठेवायचा. मोटरीचं वजन नाकाशी आलं की समतोलबिंदू पुढे सरकतो आणि वर जाताना सगळं धूड बाणासारखं सरळ राहतं. पॉड गळून पडला की तो बिंदू मागे, तरंगायच्या जागी येतो. जाताना एक समतोल आणि येताना दुसरा, या चालीमुळे मला बूस्ट ग्लायडर इतका आवडतो.

भाच्याचा पॉड किती पुढे होता बघा. बहुधा तिथेच उत्तर मिळेल. आणि पुन्हा तेच, जितका वेग जास्त तितकी ही गिरकी जोरात.

रच्याकने, ही मोटर पुढे आणायची कल्पना सुरुवातीपासूनची नाही. १९६१ मध्ये जॉन शुट्झ आणि व्हर्न एस्टेस यांनी जो पहिला यशस्वी बूस्ट ग्लायडर उडवला त्यात मोटर मागे होती. बार उडाला की मोटरच मागून निघून जायची आणि पंखाच्या मागच्या पट्ट्या वर उचलल्या जायच्या. पुढे लॅरी रेंजर यांनी मोटर नाकाकडे आणली आणि सुटणारा पॉडही त्यांचाच.

पंचगंगा

मी विहिरीवरून हलणार होतो, पण आता पूर्ण धागा वाचूनच उठेन.

भिंगरी

मी पुण्यात असते. आठवीतल्या मुलांना शनिवारी विज्ञान शिकवते. या मोटरी इथे कुठे मिळतील? भाऊ डिसेंबरात अमेरिकेतून येतोय, त्याला बॅगेतून दोन पाकिटं आणायला सांगू का?

रॉकेटराव

भिंगरीताई, अजिबात नको! या मोटरींत काळी दारू असते. विमानात त्या ना हातातल्या बॅगेत चालतात, ना खाली दिलेल्या. भावाला विमानतळावर अडकवाल.

भारतात हे सगळं १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांखाली येतं. आयात करायची तर 'पेसो'चा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. त्यांचं मुख्यालय नागपूरलाच आहे. संस्थेमार्फत, रीतसर अर्ज करून काय होऊ शकतं ते विचारायला हरकत नाही, पण वर्गासाठी त्यावर अवलंबून राहू नका.

गुंडू_सोलापूर

दिवाळीतला बाण आहे की! काडी काढायची आणि पॉडमध्ये बसवायचा. ग्लायडरलाही फराळ मिळेल.

रॉकेटराव

गुंडू, गंमत म्हणून ठीक, पण मुलं वाचत असतील म्हणून स्पष्ट लिहितो: हे करू नका. एकाच खोक्यातले दोन बाण एकसारखे जात नाहीत हे आपण दरवर्षी बघतो. वर त्यातली दारू काढून स्वतः नळीत ठासणं हा तर बोटं आणि डोळे गमावायचा रस्ता आहे.

हा सगळा छंद उभाच राहिला तो या कारणाने. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत पोरं घरी रॉकेटं ठासून जखमी होत होती. नेब्रास्कातले जोड्यांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास तयार, एकदाच वापरायची मोटर असलेलं छोटं रॉकेट बनवलं. जी. हॅरी स्टाइन यांनी ते उचलून धरलं. मग मोटरी पुरेशा बनेनात, म्हणून व्हर्न एस्टेस यांनी १९५९ मध्ये एक यंत्र बांधलं, नाव ठेवलं 'मेबल'. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर. एस्टेस यांच्या घरचा धंदा फटाक्यांचाच होता बरं का! फटाका आणि मोटर यांत फरक एवढाच की पाकिटावर लिहिलेलं पाकिटातल्या प्रत्येक नळीत असतं. वरचा अभयचा सगळा हिशोब त्या एका गोष्टीवर उभा आहे.

भिंगरी

पटलं. मग मुलांना काय देऊ?

अभय_डेन्व्हर

रबराच्या गलोलीवर उडणारे बाल्साचे ग्लायडर द्या. वेगाने वर, मग संथ खाली. कोन, समतोल, गिरकी, सगळे प्रश्न हेच येतात आणि एका तासात प्रत्येक मूल पुन्हापुन्हा उडवू शकतं. बाल्सा मिळाला नाही तर थर्माकोलच्या ताटलीचे पंखही चालतात. शाळेत एनसीसीची एअर विंग असेल तर त्यांच्या एरोमॉडेलिंगवाल्यांना विचारा, सामान कुठे मिळतं ते त्यांना माहीत असतं. पाण्याचं रॉकेट वेगळ्या शनिवारी.

मुक्काम_म्युनिक

जर्मनीतला अनुभव. इथे २० ग्रॅमपर्यंत इंधनाच्या रॉकेटला वेगळा परवाना लागत नाही, पण मोटर अठरा वर्षांवरच्यालाच मिळते. क्लिमा कंपनीच्या मोटरी जास्त दिसतात, ए६-४, बी४-४ वगैरे. ग्लायडरला चार सेकंद मला जास्तच वाटतात. म्हणून आम्ही ग्लायडर जरा जड आणि मजबूत बांधतो, म्हणजे त्याचा वेग लगेच मरत नाही, तो जास्त वेळ वर जात राहतो आणि चार सेकंद खपून जातात.

एक इशारा: पॉड सुटला तरी त्याचा स्ट्रीमर शेपटीत गुंतू शकतो. मग दोघंही गोलगोल फिरत खाली. याला छंदातले लोक 'रेड बॅरन' म्हणतात. स्ट्रीमर घट्ट गुंडाळा, दोरी आखूड ठेवा, आणि पॉडचा हुक हाताने ओढून सहज सुटतो ना ते दर उड्डाणाआधी बघा.

सातपुडा

मी रेडिओवर चालणारे रॉकेट ग्लायडर उडवतो, टेक्सासमध्ये. तिथे निवडीचा निकषच उलटा आहे. काही सुटत नाही, मोटर शेवटपर्यंत आतच, म्हणून पुढचा बारच नको. एरोटेकची ई६ मी वापरतो. ती सहा-सात सेकंद हळूहळू जळते. माझं विमान पाव किलोचं, म्हणजे सरासरी थ्रस्ट वजनाच्या जेमतेम अडीचपट. पण सुरुवातीला याच्या जवळपास दुप्पट मिळतो, तेवढ्यात लाँच पॅडची सळई सोडून पुरेसा वेग येतो आणि पुढे रिमोटच्या काड्या माझ्या हातात असतात. वेग वाढतोय असं वाटलं तर मी चढ कमीजास्त करतो. मोटर मागे असल्यामुळे इंधन जळेल तसा समतोल पुढे सरकतो, तो भरलेल्या आणि रिकाम्या मोटरीने तपासूनच पहिलं उड्डाण.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एस८ई गटात याच जातीची विमानं असतात. वजन ३०० ग्रॅमपर्यंत, पंख किमान ११० सेंमी.

वेताळटेकडी, तुमच्याकडे काड्या नाहीत. एकदा बटण दाबलं की सगळे निर्णय मोटरीचे. म्हणून मी अभयच्या बाजूने.

रॉकेटराव

आणि मोटरी उन्हात गाडीत ठेवू नका, कुणीही. तापून थंड झाल्यावर आतली घट्ट दाबलेली दारू नळीच्या कडेपासून सुटते, फट पडते, आणि पेटवल्यावर मोटर फुटू शकते. मोठ्या मोटरींत हे जास्त होतं. आमच्या मैदानावर मे महिन्यात एका जोडप्याच्या डी मोटरीने लाँच पॅडवरच पॉडचे कागद केले. माणसं नियमाप्रमाणे पाच मीटर लांब उभी होती, त्यामुळे सगळे हसत घरी गेले.

निळाई

या धाग्याची वाचनखूण साठवली. मूल नाही, बाल्सा नाही, तरी.

वेताळटेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो.

लेकीने आधी मैदान मोजलं. ३२० फुटांपर्यंतही पोचलं नाही, कडेला धावपट्टी आहे. सी चा विषय तिनेच बंद केला. मग हातफेक, नाकावर क्ले, थोडं डावं वळण. आणि ए८-३.

सरळ वर गेला. पॉड सुटला, ग्लायडरने एक खोल गोता खाल्ला, सावरला, आणि दोन मोठ्या घिरट्या घेऊन गोलपोस्टजवळ उतरला. पाऊण मिनिटाच्या आसपास हवेत होता. त्यानंतरची उड्डाणंही तशीच झाली, एकदा फक्त वाऱ्याने पार्किंगच्या कडेला नेलं. पंख शाबूत आहेत. शेपटीला थोडी काजळी आली, तिथे ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवणार आहे.

आता पुढचा प्रश्न, रॉकेटरावांसाठी आणि अभयसाठी. तिला बी वर जायचंय. मैदान पुरतं. दुकानात बी६-४ आहे, बी६-२ मागवावी लागेल. दोन सेकंदांसाठी थांबायचं का?

अभय_डेन्व्हर

अभिनंदन! लेकीला सांगा, मैदान मोजणारी रॉकेटवाली मला फार आवडली.

एकच सांगा. बाराचा धूर कुठे दिसला? ग्लायडर वर जात असताना, अगदी माथ्यावर, की नाक खाली वळल्यावर?

वेताळटेकडी

लेक बाजूला उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती, ते आत्ता थांबवत थांबवत बघितलं. माथा गाठून नाक खाली वळायला लागलं होतं, मग धूर. अर्ध्या सेकंदाचा फरक असेल. सगळ्या उड्डाणांत जवळजवळ तसंच.

अभय_डेन्व्हर

मग उत्तर तुमच्या चित्रणातच आहे. ए वर जळण संपल्यापासून माथ्यापर्यंत तुमचा ग्लायडर साधारण अडीच सेकंद घेतोय, म्हणून तीनचा डिले किंचित उशिरा पडला आणि तो खोल गोता दिसला. बी वर वेग जास्त मिळेल, पण तो जास्तीचा वेग हे पंख लगेच खाऊन टाकतात. माथा गाठायला फार तर अर्धा सेकंद जास्त लागेल, म्हणजे तीनच्या आतच. बी६-४ त्यानंतर सेकंदभर उशिरा फुटेल, नाक पूर्ण खाली असताना. बी६-२ थोडी लवकर फुटेल, ग्लायडर अजून हळूहळू वर जात असताना. लवकर फुटली तर ग्लायडर थोडा वर उसळून सपाट होतो, उशिरा फुटली तर सूर मारतो. दोन्हींत निवडायचं तर मी लवकरची निवडेन.

रॉकेटराव, जुन्या प्लॅनांवरच्या बी४-२ चं कारणही हेच ना?

रॉकेटराव

हेच! वेताळटेकडी, थांबा आणि बी६-२ मागवा. आल्यावर पंखाच्या मुळाशी गोंदाचा आणखी एक हात द्या, रात्रभर वाळू द्या, आणि पहिलं उड्डाण वारा नसताना सकाळी करा. तोवर ए८-३ ची दोन पाकिटं आणा, शनिवार फुकट घालवू नका.

वेताळटेकडी

मागवली. ए८-३ पण.